अंगावर दात, पोटात हवा

सकर माशाच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर ते खरवडतं. भिंगाखाली पाहिलं की कारण कळतं. त्याच्या सगळ्या अंगावर दात आहेत. अक्षरशः दात. मधे जिवंत गर, त्याभोवती डेंटिन, टोकाला इनॅमलसारखा कठीण थर. माणसाच्या दाढेची जी घडण, तीच इथे सुईच्या अग्राएवढ्या आकारात, अंगभर. एखादा तुटला तर त्या जागी नवा उगवतो. आणि हे दात रोवलेले आहेत हाडांच्या तकट्यांवर. कॅटफिश, म्हणजे मिशीवाल्या माशांच्या कुळात, खवलं नसतात. आपला शिंगाळा किंवा मागूर हातातून कसा सटकतो हे मासे साफ करणाऱ्याला विचारा. सकरच्या पूर्वजांनी खवलं टाकली ती टाकलीच, पण पुढे कधीतरी त्या उघड्या कातडीतच हाडं तयार झाली आणि पाठीपासून शेपटीपर्यंत चिलखत चढलं. १७५८ साली लिनियसनं सुरिनामच्या अशा एका माशाला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याची गणना थेट स्टर्जनांमध्ये केली. स्टर्जन म्हणजे ज्याच्या अंड्यांपासून कॅव्हिआर करतात तो थंड देशांतला मासा. हाडांच्या तकट्या दोघांनाही होत्या. नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता.

एवढी अजब चीज आपल्याकडे कुठे दिसते? दवाखान्याच्या वेटिंग रूममधल्या फिश टँकमध्ये, मागच्या कोपऱ्यात, काचेला चिकटलेली. गोल्डफिशकडे सगळे बघतात, याच्याकडे कोणी नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कोणत्याही गावातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात पिशवीत चार रंगीत मासे भरून झाले की दुकानदार म्हणतो, "एक सकर पण टाका, टाकी साफ राहील." बोटाएवढं पिल्लू असतं, किंमत किरकोळ. माणूस नाही म्हणत नाही.

तर हा मासा घरात ठेवण्यासारखा आहे का? माझं मत आधीच सांगून टाकतो. सफाईसाठी आणत असाल तर नको. प्राणी म्हणून त्याच्याकडे बघायची हौस असेल, तर याच कुळातल्या दोन-तीन जाती अशा आहेत की टाकीतल्या रंगीत माशांकडे तुमचं लक्ष जाणार नाही. दुकानदार जो देतो तो मात्र त्या दोन-तीनांत बसत नाही. का, ते कळायला आधी या प्राण्याच्या शरीरात थोडं डोकवावं लागेल.

तोंडापासून सुरुवात करू. ते डोक्याच्या खालच्या बाजूला असतं आणि ओठ पसरून त्यांची गोल तबकडी झालेली असते. ती काचेला टेकवली, आतल्या पोकळीतला दाब कमी केला, की मासा चिकटला. अमेझॉनच्या खोऱ्यातल्या वेगवान ओढ्यांत दगडाला धरून राहायला ही सोय उत्तम. पण हिच्यात एक अडचण आहे. मासा श्वास घेतो तो तोंडातूनच: पाणी तोंडातून आत, कल्ल्यांवरून बाहेर. तोंड दगडाला गच्च लावलं तर श्वास कोंडणार, आणि श्वासासाठी पाणी आत घेतलं तर पकड सुटणार. सकर एकाच वेळी चिकटूनही राहतो आणि श्वासही घेतो. ओठांच्या कडेला, मिशीच्या मागे एक बारीक खाच असते. तिच्यातून पाणी आत येतं, आणि तोंडातल्या पडद्यामुळे श्वासाची वाट आणि शोषणाची पोकळी वेगळी राहते. पुढच्या वेळी काचेला चिकटलेला सकर दिसला तर बाहेरून त्याच्या तोंडाकडे नीट बघा. तो गप्प बसलेला वाटतो तेव्हाही तिथे काम चालू असतं.

गंमत अशी की जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेकाँगच्या खोऱ्यात, रोहू-कटल्याच्या दूरच्या नात्यातल्या एका माशानं हाच प्रश्न निराळ्या पद्धतीनं सोडवला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला वर एक जादा भोक आहे. पाणी वरच्या भोकातून आत आणि खालच्या फटीतून बाहेर, तोंडाचा श्वासाशी संबंधच नाही. हा मासा कॅटफिश नव्हे, पण आपल्या बाजारात तोही 'सकर' म्हणूनच विकतात, बहुतेक वेळा पिवळ्याधमक रंगात. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की आडदांड होतो आणि दुसऱ्या माशांच्या मागे लागतो. त्याच्याविषयी एवढंच पुरे.

ओठांच्या आत खरवडायचे दात असतात, बारीक आणि ओळीनं लावलेले. आपला खालचा जबडा एकसंध असतो. सकरचा डावा आणि उजवा भाग एकमेकांपासून सुटे हलतात, त्यामुळे खडबडीत दगडावर एक बाजू वर आणि एक खाली असली तरी दोन्हीकडचे दात टेकतात. खरवडलेला माल जातो तो भल्यामोठ्या आतड्यात. मांसाहारी माशांचं आतडं आखूड असतं. याचं शरीराच्या कित्येक पट लांब असतं, आणि ते पोटात चकलीसारखं वेटोळं घालून बसवलेलं असतं. शेवाळात पोषण थोडं, म्हणून ते सतत खावं लागतं आणि लांबच्या प्रवासात पचवावं लागतं. अर्थात, जो प्राणी सतत खातो त्याच्या मागून काय सतत बाहेर पडतं, हे टाकी धुणाऱ्याच्या लवकरच ध्यानात येतं.

आणि जठर? बाजारात मिळणाऱ्या मोठ्या सकरचं जठर पातळ, जवळजवळ पारदर्शक, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यानं भरलेलं असतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की हा मासा वर येतो, हवेचा घोट गिळतो आणि जठरातून ती रक्तात घेतो. पोट हेच त्याचं फुप्फुस. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात बाकीचे मासे गुदमरतात तेव्हा हा टिकतो. ओलसर राहिला तर पाण्याबाहेरही कित्येक तास जगतो. वीज जाऊन एअर पंप रात्रभर बंद पडला तर सकाळी टाकीत जिवंत सापडणारा मासा हाच असतो, त्याचं कारण हे. या गोष्टीची दुसरी बाजू पुढे येईल.

आता शेवाळ. नवी टाकी मांडली की दोन-तीन आठवड्यांत काचेवर जो तपकिरी थर येतो तो डायटमचा. डायटम म्हणजे काचेच्या, म्हणजेच सिलिकाच्या, डबीत राहणारे एकपेशीय जीव. तो थर मऊ असतो आणि सकरच्या कुळातले सगळे तो आवडीनं चाटतात. हिरवा मऊ थरही खातात. काचेवर घट्ट बसलेले हिरवे ठिपके खरवडणं त्यांना जड जातं. तिथे नेराइट गोगलगाय सरस. लाकडाच्या आणि पानांच्या कडांना येणारे काळे केस म्हणजे लाल शैवालाच्या गटातला प्रकार आहे, त्याला सकर सहसा तोंड लावत नाही. निळसर हिरवी, घाण वास येणारी चादर पसरते ती शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. तेही तो खात नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी माणूस खरा वैतागतो, त्या दोन्हींवर हा उपाय चालत नाही.

पण जे तो खातो, ते किती खातो? याचं उत्तर पनामाच्या रिओ फ्रिखोलेस नावाच्या ओढ्यात मिळालं, आणि जीवशास्त्रातल्या मला आवडणाऱ्या कामांपैकी ते एक आहे. मेरी पॉवर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी त्या ओढ्यातल्या डोहांचा अभ्यास केला. काही डोहांवर झाडांची दाट सावली, काहींवर लख्ख ऊन. उन्हात शेवाळ झपाट्यानं वाढतं, सावलीत हळू. मग उन्हातले डोह हिरवेगार आणि सावलीतले दगड स्वच्छ दिसायला हवेत. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या दगडांवर शेवाळ जवळजवळ सारखंच होतं, आणि तेही नावापुरतं. कारण सकरच्या कुळातले मासे उन्हाच्या प्रमाणात वाटले गेले होते. जिथे शेवाळ जोमात, तिथे मासे दाटीनं. जिथे मंद, तिथे विरळ. दर माशाच्या वाट्याला येणारं जेवण सगळीकडे साधारण सारखं पडत होतं, आणि त्यांची वाढही सगळ्या डोहांत सारख्याच वेगानं होत होती. ही वाटणी कोणी करून दिलेली नव्हती. प्रत्येक मासा आपापलं पोट बघत होता, एवढंच.

एकाच ठिकाणी हिरवं राहत होतं: काठाला, वीतभर खोलीच्या पाण्यात. तिथे शेवाळ माजलेलं असूनही मोठे मासे फिरकत नव्हते, कारण उथळ पाण्यात बगळे आणि खंड्या टिपतात. ओढ्याच्या कडेनं जाणारा तो हिरवा पट्टा म्हणजे पक्ष्यांच्या चोचीची हद्द होती. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हे मासे शेवाळ खातात यात शंकाच नाही. सगळा ओढा चाटून लख्ख ठेवण्याची त्यांची ताकद आहे.

मग टाकीत तेच का होत नाही?

कारण ओढा वाहतो. माशानं खाल्लेलं, पचवलेलं आणि बाहेर टाकलेलं पाण्याबरोबर पुढे निघून जातं. दोन फुटी टाकीत, म्हणजे सुमारे ५५ लिटर पाण्यात, ते कुठेच जात नाही. शेवाळ का येतं? उजेड आहे म्हणून, आणि पाण्यात नत्र आणि स्फुरद आहे म्हणून. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पिकाला लागतं तेच खत. टाकीतलं हे खत येतं माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून. सकरनं काचेवरचं शेवाळ खाल्लं, त्यातलं थोडं अंगी लावलं, बरंचसं विष्ठा म्हणून खाली टाकलं आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडला. फिल्टरमधल्या जिवाणूंनी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट केलं. नायट्रेट शेवाळानं परत उचललं. त्यात सकरसाठी तुम्ही वरून एक जादा गोळी टाकलीत, तर टाकीत खत आधीपेक्षा वाढलं. काच काही दिवस स्वच्छ दिसते हे खरं. शेवाळाचं कारण जागेवरच राहतं. ते बाहेर काढायचा मार्ग एकच: दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, आणि ते पाणी कुंड्यांना घालायचं. दिवा दिवसाला सहा ते आठ तासांवर आणायचा आणि टाकी खिडकीतल्या उन्हापासून हलवायची. इतकं केलं की सकरची गरजही उरत नाही.

या हिशेबाला एक सुंदर अपवाद आहे. मेक्सिकोच्या चियापास राज्यात पालेंके या प्राचीन माया नगरीच्या परिसरातून चाकामाख नावाची नदी वाहते. माशांच्या टाक्यांतून सुटलेले सकर तिच्यात बेसुमार वाढले आहेत. क्रिस्टा कॅप्स आणि अलेक्झांडर फ्लेकर या शास्त्रज्ञांनी तिथे मोजलं, की हे मासे नदीतून काय घेतात आणि काय परत देतात. २०१३ साली त्यांनी जे मांडलं ते असं: हा मासा नत्र भराभर परत सोडतो, पण स्फुरद धरून ठेवतो. का? हाड कॅल्शियम आणि स्फुरदाचं बनतं, आणि याचं तर अख्खं अंगच हाडानं मढवलेलं. चिलखत वाढवायला स्फुरद लागतो. मुळातच ज्या नदीत स्फुरद कमी, तिथला साठा या माशांच्या पाठीवर जाऊन बसतो आणि बाकीच्यांना कमी पडतो. लिनियसला चकवणाऱ्या त्या तकट्या एका नदीचं रसायन बदलू शकतात. टाकीत मात्र याचा उपयोग शून्य, कारण आपण रोज खाद्यातून स्फुरद ओततच असतो.

याच कुळात लाकूड खाणारे मासे आहेत. पनाक नावाच्या गटातल्या माशांचे दात पळीसारखे खोलगट, ओंडका कोरायलाच घडवलेले. टाकीत लाकूड ठेवलं तर रात्री त्यांचा कुरतडण्याचा आवाज येतो आणि सकाळी तळाशी भुसा पडलेला असतो. वाळवीसारखे तेही लाकूड पचवत असतील असं सगळ्यांना वाटत होतं. डोनोव्हन जर्मन नावाच्या शास्त्रज्ञानं तपासलं तेव्हा उलटंच निघालं: लाकूड चार तासांच्या आत पोटातून बाहेर पडतं, आणि नुसत्या लाकडावर ठेवलेले मासे वजनानं उतरतात. त्यांचं खरं अन्न म्हणजे कुजणाऱ्या लाकडाच्या फटींतले सूक्ष्मजीव आणि सेंद्रिय गाळ. बिस्किटावरचं लोणी मिळावं म्हणून बिस्किटही गिळायचं, असा तो प्रकार. त्यामुळे "लाकडाचा तुकडा टाका, तो जगेल" हा सल्ला या जातींनाही पुरा पडत नाही.

आता दुकानातल्या त्या पिल्लाकडे येऊ. पुस्तकात त्याचं नाव बहुधा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस लिहिलेलं असतं, म्हणजे लिनियसचाच मासा. पिशवीतला मासा बहुतेक वेळा दुसराच असतो: टेरिगोप्लिक्थिस, मोठ्या पंखाचा सकर. ओळखायची खूण सोपी आहे. पाठीवरचा पंख उघडला की त्याच्या काड्या मोजायच्या. हायपोस्टोमसला त्या सातच्या आसपास असतात. दहाच्या वर भरल्या तर तो टेरिगोप्लिक्थिस. हा मासा ४० ते ५० सेंटिमीटर होतो. दीड फूट. आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. "टाकीएवढाच वाढतो" हे वाक्य जिथे जाल तिथे ऐकू येतं. अडचणीच्या जागेत, खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, हे त्या वाक्याचं खरं रूप. आखूड कपडे घातले म्हणून मूल वाढायचं थांबत नाही. आणि हा दीड फुटी जीव काचेवरच्या शेवाळावर जगूच शकत नाही, तेवढं शेवाळ घरातल्या कोणत्याच टाकीत येत नाही. मग तो रात्री दुसरं काही शोधतो. गोल्डफिश, एंजल, डिस्कस हे रुंद अंगाचे, संथ मासे झोपले की त्यांच्या अंगाला चिकटून तो वरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या अंगावर पांढरे चट्टे दिसतात आणि माणूस रोगाचं औषध शोधत बसतो.

ही सवय केवढ्या थराला जाते ते फ्लोरिडात दिसलं. तिथल्या ब्लू स्प्रिंग नावाच्या कोमट पाण्याच्या झऱ्यात थंडीत मॅनेटी जमतात. मॅनेटी म्हणजे समुद्रगायीच्या जातीचे, शेकडो किलोंचे, अत्यंत शांत प्राणी. त्यांच्या पाठीवर शेवाळ असतं. त्या झऱ्यात सुटलेले सकर डझनांनी मॅनेटींच्या अंगाला चिकटून ते चरतात. काही मॅनेटी दुर्लक्ष करतात. काही अस्वस्थ होतात, अंग झटकत, लोळत राहतात. थंडीत ताकद राखून ठेवायला आलेल्या प्राण्याला हा त्रास परवडणारा नाही.

फ्लोरिडात हे सकर आले कुठून? घरातून, विक्रीसाठी मासे वाढवणाऱ्या तळ्यांतून. टाकीत मावेनासा झालेला मासा मारवत नाही, म्हणून दयाळू माणूस तो जवळच्या तळ्यात सोडतो. इथे ती पोटात हवा घेण्याची युक्ती उलटते. दूषित, प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तो टिकतो. चिलखत आणि पंखांचे अणकुचीदार काटे यांमुळे सहजासहजी कोणी त्याला गिळत नाही. विणीच्या काळात नर काठाच्या मातीत आडवी बिळं खोदतो, कधी मीटरभर खोल, आणि काठ ढासळू लागतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो या मोठ्या जलाशयात तिलापियाची मासेमारी नावाजलेली होती. तिथल्या जाळ्यांत सकर भरू लागले आणि त्यांच्या काट्यांनी जाळी फाटू लागली. आपल्याकडेही चित्र वेगळं नाही. केरळपासून वाराणसीच्या गंगेपर्यंत तो सापडला आहे. भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर येत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्याला बाजारात भाव नाही असा मासा जाळ्यातून एकेक करून सोडवायचा, तोही जाळं फाटू न देता, म्हणजे काय कटकट असते ते त्या माणसांना विचारावं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्व घाटात याचा माग काढायला वेगळीच पद्धत वापरली: मासा पकडायचाच नाही, पाण्याचा नमुना घ्यायचा आणि त्यात तरंगणारा त्याचा डीएनए शोधायचा.

स्वतःच्या देशात मात्र तो कोणाच्या डोक्यावर बसलेला नाही. अमेझॉनच्या काठी त्याला आकारी म्हणतात आणि तो खातात. त्याचं मांस भाजून, वाळवून, कुटून पिराकुई नावाचं माशाचं पीठ करतात. आपल्या सुकटीच्या कुटासारखं नव्हे, अधिक बारीक. चिलखत असो वा नसो, मगर आणि माणूस दोघांनी त्याची सवय करून घेतली आहे.

मग ठेवण्यासारखे कोणते? पहिला ब्रिसलनोज, शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो, दोन-अडीच फुटी टाकीत सुखानं राहतो, आणि आता आपल्याकडच्या हौशी लोकांकडेही त्याची पैदास होते, त्यामुळे नदीतून उचललेला मासा घ्यावा लागत नाही. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर मांसल फांद्या फुटतात, मादीला त्या नसतात किंवा अगदी लहान असतात. विचित्र दिसतात, सौंदर्यस्पर्धेत बसणार नाहीत. पण त्या कशासाठी, याविषयी एक तर्क मला फार आवडतो. या माशांत अंडी आणि पिल्लं नर सांभाळतो, आणि आधीच पिल्लं सांभाळत असलेला नर मादीला जास्त भरवशाचा वाटतो. तर नाकावरच्या त्या फांद्या म्हणजे पिल्लांची नक्कल असावी: बघ, माझ्याकडे आधीच मुलं आहेत. नारळाच्या करवंटीला भोक पाडून टाकीत ठेवली की नर ती बळकावतो, आणि एकदा अंडी पडली की दिवसरात्र पंखांनी त्यांच्यावर पाणी घालत बसतो.

दुसरा ओटोसिंक्लस, हौशी मंडळींचा 'ओटो'. जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. झाडं लावलेल्या टाकीत पानापानावरचा डायटमचा थर तो इतक्या नाजूकपणे साफ करतो की पानाला ओरखडाही येत नाही. सफाईच्या कामात या कुळात त्याचा हात कोणी धरणार नाही. तरीही नवशिक्यानं तो घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बाजारातले बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडलेले असतात. पकडल्यापासून दुकानापर्यंत पोट रिकामं, त्यात स्वच्छ नव्या टाकीत सोडले तर खायला काहीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत पटापट मरतात. टाकी काही महिने जुनी हवी, थोडं शेवाळ मुद्दाम राखलेलं हवं, आणि मासे किमान सहा हवेत, कारण हा कळपातला प्राणी आहे. दुकानात पोट खपाटीला गेलेला ओटो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

तिसरा नाव घेण्यापुरता. झिंगू नदीतला झेब्रा प्लेको, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा. या कुळात नव्या जाती इतक्या वेगानं सापडत गेल्या की शास्त्रज्ञ नावं देईपर्यंत व्यापाऱ्यांना धीर नव्हता, म्हणून १९८८ मध्ये डाट्झ या जर्मन मासिकानं त्यांना सरळ क्रमांक द्यायला सुरुवात केली. झेब्राचा क्रमांक ४६. शास्त्रीय नाव १९९१ मध्ये मिळालं. त्याच्या घरावर आता बेलो मोंते धरण उभं आहे आणि ब्राझीलनं त्याची निर्यात बंद केली आहे. शेवाळाशी त्याला फारसं देणंघेणं नाही, तो मुख्यतः मांसाहारी आहे. 'सकरचं कुळ म्हणजे शेवाळ खाणारे' हे समीकरण इथे संपतं.

आणि आपल्या सह्याद्रीत? कॅटफिश नव्हे, पण दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या आपल्या ओढ्यांत आहेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी विल्यम साइक्स यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन करताना त्याचं इथलंच नाव लॅटिनमध्ये घातलं, ते अजून चालतं: गारा मुल्या. पावसाळा संपल्यावर ओढ्यातले दगड नितळ दिसतात त्यात त्याचा वाटा असतो. ओंजळीत धरून घरी आणायचा मोह टाळा. त्याला खळाळतं, गार पाणी लागतं.

घरात आणायचाच तर ब्रिसलनोज आणा. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा काकडीची जाड चकती, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक किंवा दुधीची फोड द्या, काट्याच्या चमच्याला टोचून तळाशी सोडली की तरंगत नाही. उरलेली फोड दुसऱ्या सकाळी काढा. टाकीत लाकडाचा तुकडा ठेवा. आणि एक दिवस दुपारी, दिवा लागलेला असताना, त्याच्या डोळ्यात बघा. बाहुली गोल नसते. वरून एक मांसल झडप खाली आलेली असते, त्यामुळे ती ग्रीक ओमेगा अक्षरासारखी, नालाच्या आकाराची दिसते. रात्री टाकी अंधारी करून अर्ध्या तासानं मंद टॉर्चच्या उजेडात पुन्हा बघा, झडप वर गेलेली असते आणि बाहुली गोल झालेली असते. उजेड पडल्यावर काही मिनिटांत ती परत खाली यायला लागते.

आणि ज्यांच्या टाकीत तो दीड फुटी आधीच आहे? जिथून आणला त्या दुकानाला विचारा, काही दुकानदार मोठे सकर परत घेतात. मोठ्या हॉटेलात, बंगल्यात सहा-आठ फुटी टाक्या असतात, तिथे जागा मिळू शकते. पवईत, खडकवासल्यात, गावच्या तळ्यात नाही. गणपती विसर्जनाच्या गर्दीत सुद्धा नाही.